घरातला समुद्र



या व्यासपीठावरून इतिहास, राज्यकारभार, अध्यात्म अशा भारदस्त विषयांवर बोलण्याची रीत आहे. त्या रांगेत ‘घरातला समुद्र’ हा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. चालकांनी मला दोनदा विचारले, ‘बाई, विषय छापताना चूक तर होत नाही ना?’ चंद्रपुरात वैशाखाच्या तोंडावर समुद्राची गोष्ट काढणे म्हणजे तहानलेल्याला विहिरीचे चित्र दाखवण्यासारखेच आहे, हे मला कबूल आहे. तरीपण मी हाच विषय घेतला. पस्तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर निळा रंग कोठे द्यायचा हे हजारो मुलांना सांगितले. पण तो निळा रंग स्वतःच्या घरात कोठे द्यावा, हा प्रश्न माझ्यापुढे निवृत्तीनंतर उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधताना मी बऱ्याच चुका केल्या. त्या चुकांचीच ही हकीकत आहे.

माझी सून मालवणकडची. मुलाने लग्न ठरवले तेव्हा आम्हाला आनंदच झाला. पण मनात एक धाकधूकही होती. जिने जन्मभर दाराबाहेर समुद्र पाहिला, ती मुलगी या कोळशाच्या, उन्हाच्या आणि जंगलाच्या मुलखात रमेल कशी? म्हणून मी ठरवले की, ती यायच्या आत बैठकीची खोली समुद्रकिनाऱ्यासारखी सजवून ठेवायची. भिंत गडद निळी केली. पांढरेशुभ्र पडदे लावले. एका भिंतीवर लाकडी नांगर आणि दोरखंडाची गुंडाळी टांगली. काचेच्या बरणीत वाळू आणि शिंपले भरले. पूर्वी एकदा सहलीला गेलो असता किनाऱ्यावरच्या एका टपरीतून घेतलेली प्रवाळाची पांढरी फांदी कपाटातून काढून मधोमध मांडली. आणि खास कोकणातून फणसाच्या लाकडाचे एक बैठे मेज मागवले. खर्च बराच झाला. शेजारणी येऊन पाहून गेल्या आणि छान म्हणाल्या.

सून आली. आठ दिवस काही बोलली नाही. मग एके दिवशी पडदे धुवायला काढताना हळूच म्हणाली, ‘आई, एक सांगू? रागावणार नाही ना? हे आमच्या घरासारखं नाही वाटत. आमच्याकडे पर्यटकांसाठी खोल्या भाड्यानं देतात ना, तसं वाटतं.’

मला वाईट वाटले. पण मी शिक्षिका. उत्तर चुकले की का चुकले हे विचारायची सवय. मी तिला म्हटले, ‘अगं, मग तुमच्या घरी भिंतीवर काय असते?’ ती म्हणाली, ‘काही नसतं. कालनिर्णय असतं.’

मंडळी, या उत्तराने माझे डोळे उघडले. समुद्रकाठचा माणूस समुद्र भिंतीवर टांगत नाही. त्याचे जुने घर पाहा. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पुढे सारवलेले खळे, मग पडवी, उतरते कौलारू छप्पर. आणि पुष्कळदा घर आणि समुद्र यांच्यामध्ये माडांची रांग. खारा वारा लोखंड खातो, पावसाळ्यात लाट अंगावर येते, म्हणून घर थोडे आडोशालाच बांधलेले. नांगर होडीत असतो, दोर जाळ्याला असतो, शिंपल्यांतून खाण्याजोगे तिसरे निघतात आणि टरफले परसात जातात. नांगर भिंतीवर टांगण्याची कल्पना ज्याच्या पोटापाण्याशी नांगराचा संबंध नाही त्याला सुचते. आपल्याकडेही असेच आहे. शहरातला पाहुणा वाघाचे चित्र घेऊन जातो. मोहर्ली भागातला गुराखी भिंतीवर वाघ लावत नाही.

मग त्या सजावटीचे पुढे काय झाले? निसर्गाने ती एकेक करून काढून टाकली. पांढरे पडदे आठवड्यात करडे झाले. आपल्या शहराच्या हवेतली कोळशाची पूड आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. फणसाचे मेज उन्हाळ्यात तडकले आणि त्याचे सांधे उघडले. यात सुताराचा दोष नव्हता. लाकूड सभोवारच्या हवेतला ओलावा धरते आणि सोडते. कोकणच्या दमट हवेत बसवलेला सांधा आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत आला की लाकूड आकसते आणि सांधा सुटतो. गडद निळ्या भिंतीने खोली अंधारी दिसू लागली. राहिली प्रवाळाची फांदी.

तिच्याविषयी मला जे नंतर समजले ते आपल्यापुढे कबूल केलेच पाहिजे. प्रवाळ ही वनस्पती नव्हे, दगड नव्हे; अगणित सूक्ष्म प्राण्यांनी मिळून बांधलेली ती वसाहत असते. २००१ मध्ये या प्रवाळांचा समावेश १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. ज्या अनुसूचीत आपल्या ताडोब्याचा वाघ आहे, तीच ही अनुसूची. त्याच वर्षी काही मोठ्या शंखशिंपल्यांनाही कायद्याचे संरक्षण मिळाले. म्हणजे वाघाच्या जिल्ह्यात राहून, वाघाचे कातडे दिवाणखान्यात लावणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांना नावे ठेवणारी मी, त्याच तोडीची वस्तू दिवाणखान्यात मांडून बसले होते. अज्ञान होते खरे. पण त्या वस्तूकडे पाहून मला पुन्हा आनंद झाला नाही. आपणांपैकी कोणाला किनाऱ्यावरच्या दुकानात अशी फांदी दिसली तर ती घेऊ नका, एवढीच विनंती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समुद्रकिनाऱ्यावर गेले की माणसाला बरे का वाटते? मी आणि सूनबाईंनी मिळून एका संध्याकाळी याची यादी केली. तिने सांगितले, मी लिहिले. पहिले, उजेड, तो वरून येतो तसा वाळूवरून आणि पाण्यावरूनही येतो. दुसरे, मोकळी जागा. डोळ्याला अडवणारे काही नसते. तिसरे, वारा. चौथे, रंग थोडे आणि फिके. वाळूचा, फेसाचा, आभाळाचा, आणि उन्हापावसाने धुऊन निघालेल्या लाकडाचा करडा. पाचवे, हाताला खरखरीत लागणाऱ्या वस्तू. दोर, सुंभ, जाळे, चटई. यादी संपली तेव्हा माझ्या ध्यानात आले की यात शिंपला कोठेच नाही, आणि यातली एकही गोष्ट समुद्राच्या मालकीची नाही. या साऱ्या गोष्टी चांदा-गडचिरोलीच्या जंगलमुलखात मिळतात. किनाऱ्याचा भास घरात आणायचा असेल तर किनाऱ्यावरची वस्तू आणण्याचे कारण नाही.

उजेडापासून सुरुवात करू. त्यासाठी मला माझा भूगोल उपयोगी पडला. भूशास्त्रज्ञांच्या पुस्तकांत ‘चांदा लाइमस्टोन’ नावाचा एक खडक आहे. आपल्याच शहराचे जुने नाव त्याला दिलेले आहे. पैनगंगा गटातला हा चुनखडक समुद्राच्या तळाशी साठलेल्या गाळापासून बनला, आणि त्याचे वय सुमारे शंभर कोटी वर्षे किंवा त्याहून अधिक धरतात. म्हणजे समुद्र आपल्याकडे कधी नव्हताच असे नाही. तो आपल्या पायाखाली दगड होऊन पडला आहे. राजुरा-कोरपन्याकडचे सिमेंटचे कारखाने या चुनखडकावरच उभे राहिले. आपण सिमेंटचे घर बांधतो तेव्हा त्या जुन्या समुद्राचा चिखलच भिंतीला लावतो. आणखी एक गंमत सांगते. कवच असलेले प्राणी पृथ्वीवर आले त्याला चोपन्न-पंचावन्न कोटी वर्षे झाली. तेव्हा आपल्या समुद्रात शिंपला असणेच शक्य नव्हते. चांद्याच्या समुद्राची खूण म्हणून बरणीत शिंपले भरणे भूगोलाच्या दृष्टीनेही चूकच ठरते! सिरोंचाकडे कोटा गावाच्या परिसरात माशांचे जीवाश्म सापडले आणि एकोणिसाव्या शतकातच त्यांचे वर्णन झाले, हे खरे. पण ते फार नंतरचे, आणि तळ्यासारख्या गोड्या पाण्यातले मानले जातात.

तर आम्ही गडद निळा रंग खरवडून काढला आणि चुना दिला. आपल्या आज्या देत असत तोच, कळीचा चुना. तो पाण्यात विरवताना चांगलाच उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि डोळे सांभाळावेत. दोन-तीन दिवस भिजू द्यावा, गाळून घ्यावा, थोडा डिंक घालावा आणि शेवटी कपड्यांची नीळ, अगदी बेताने. सुकल्यावर जो रंग येतो त्याला निळा म्हणता येत नाही आणि पांढराही म्हणता येत नाही. सकाळी सात वाजता किनाऱ्यावर आभाळ आणि पाणी एक झालेले असते त्या वेळचा तो रंग आहे, असे माझी सून म्हणाली. मी तो पाहिलेला नाही. चुन्याची भिंत ऊन परतवते, हा आपल्या मुलखात मोठाच लाभ. आणि चुना भिंतीवर सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडक बनतो, हे मी मुलांना रसायनाच्या तासाला सांगत असे. तेलरंग किंवा प्लास्टिकचा रंग दिलेल्या भिंतीवर मात्र चुना धरत नाही. आधीचा रंग पुरता काढावा लागतो.

दुसरी गोष्ट वाळूचा रंग. नदीची वाळू घरात आणू नका, ती नदीतच शोभते आणि तिचा उपसा आधीच फार झाला आहे. वाळूचा रंग हवा असेल तर आरमोरीचे कोसा कापड पाहा. न रंगवलेला कोसा म्हणजे ओसरत्या लाटेनंतरची ओलसर वाळूच. हे किडे रेशमी तुतीवर वाढत नाहीत. आपल्या जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर वाढतात, आणि ते वाढवतात मुख्यत्वे ढिवर मंडळी. ढिवर म्हणजे तळ्यानद्यांत जाळे टाकणारे लोक. जाळे विणणारे हातच आपल्याकडे रेशमाची राखण करतात, हे सुनेला सांगितले तेव्हा तिला फार आवडले. कोसा महाग असतो, हे मी जाणते. आम्ही पडदे साध्या सुती कापडाचे केले, कारण ते दर पंधरा दिवसांनी धुवावे लागतात. कोशाची एक पट्टी मात्र बैठकीवर घातली आहे. तेवढी पुरते.

तिसरी गोष्ट बांबू. दोरखंड आणि सुंभ यांच्या जागी आपल्याकडे बुरडाचे काम आहे. सूप, टोपली, डालगे, चटई, ताटवा. उन्हात काही वर्षे राहिलेला ताटवा करडा होतो, आणि मग तो थेट किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडासारखा दिसतो. आम्ही बैठकीच्या पश्चिमेच्या खिडकीला असा एक ताटवा लावला. दुपारचे ऊन त्यातून गाळून येते आणि जमिनीवर त्याची जाळी पडते.

पण बांबू घेताना दोन शब्द सांगितले पाहिजेत. बांबूला भुंगा लागतो तो त्यातल्या पिठूळ अंशासाठी. म्हणून कोवळा बांबू घेऊ नये, तीन वर्षांचा पक्का घ्यावा. पावसाळ्यानंतर हिवाळ्यात तोडलेला घ्यावा. जुने लोक तो दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवीत, म्हणजे तो अंश धुऊन जाई. आता बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवण्याची पद्धत आहे. नंतर सावलीत वाळवावा. वस्तू घरी आणल्यावर खाली पिवळसर पीठ पडलेले दिसले तर आत भुंगा आहे असे समजावे. चिचपल्लीला २०१४ पासून बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्या शहरापासून काही हाकेच्या अंतरावर नाही, पण मूलच्या रस्त्यावर जाणाऱ्याला वाटेतच आहे.

दुसरा शब्द बांबूच्या मालकीविषयी. आपल्या घरातली टोपली कोठून आली याचा विचार आपण सहसा करत नाही. आपल्या जंगलातला बांबू कित्येक वर्षे कागदाच्या कारखान्याला सुलभ होता आणि त्याच जंगलात राहणाऱ्याला दुर्लभ होता. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने हे बदलायचे ठरवले. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१७ मध्ये जंगलाबाहेर लावलेला बांबू कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, म्हणजे शेताच्या बांधावरचा बांबू तोडायला आणि न्यायला अडसर राहिला नाही. वनस्पतिशास्त्राने तो कधीच गवतात घातला होता. कायद्याला वेळ लागला, इतकेच. घर सजवण्याच्या गोष्टीत हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण मी नांगरावर आणि बरणीवर जे पैसे घालवले त्यातला एक रुपयाही या जिल्ह्यात राहिला नाही. तेवढ्याच पैशांत आमच्या बुरडाच्या घरचे काही आठवडे निघाले असते. तो माझ्या शाळेतल्या एका मुलाचा बाप. त्याच्या दारावरून मी ते खोके घेऊन आले होते. त्याने मला नमस्कारही केला होता. ती आठवण मला अजून टोचते.

चौथी गोष्ट वारा. समुद्रावरचा वारा कसा वाहतो हे पाचवीच्या मुलालाही ठाऊक असते. दिवसा जमीन लवकर तापते, वरची हवा हलकी होते आणि पाण्यावरची गार हवा आत येते. आपल्याकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो, तेथे असा वारा कोठून यायचा? पण आपल्याजवळ वाळा आहे. वाळ्याची ताटी दारात लावून तिच्यावर पाणी मारले की आत येणारी झळ गार आणि सुगंधी होऊन येते. आता ताटीची जागा कूलरने घेतली, तरी वाळा तोच घालता येतो. ही युक्ती कोकणात चालत नाही, कारण तिथली हवा आधीच ओली. पाणी उडून जायला हवा कोरडी लागते. सुनेने पहिल्या उन्हाळ्यात हा वास घेतला आणि म्हणाली, ‘आई, हे आमच्याकडे नाही हं!’ तिच्या तोंडून आमच्या गावाची ही पहिली स्तुती. मी ती जपून ठेवली आहे.

राहिली मोकळी जागा. तिला पैसे लागत नाहीत, धैर्य लागते. आम्ही खोलीतून दोन कपाटे, चार भेटवस्तू आणि एक प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ बाहेर काढला. एक भद्रावतीचा मातीचा घट ठेवला. तेथे ग्रामोदय संघाने कुंभारकामाची परंपरा उभी केली आहे, हे आपण जाणताच. बाकी भिंत रिकामी आहे. आलेला पाहुणा विचारतो, ‘सामान यायचे आहे का?’ आम्ही ‘हो’ म्हणतो आणि विषय बदलतो.

कोणी म्हणेल, ज्याला एकच खोली आहे आणि त्यात सहा माणसे राहतात, त्याने हे काय करावे? प्रश्न योग्य आहे. त्याच्यापुढे मी सजावटीचे प्रवचन करणार नाही. पण चुना आणि नीळ त्या खोलीलाही लागते, आणि कुडाच्या भिंतीवर माती-शेणाचे नीट सारवण करून खाली एक रेघ ओढणारी बाई मी गडचिरोलीकडच्या गावांत पाहिली आहे. त्या रेघेला पैसे पडत नाहीत. आपण शहरातल्या लोकांनी तिला शिकवावे असे त्यात फारसे काही नाही.

एक गोष्ट राहिली. यादी झाली, खोली झाली, तरी सून कधी कधी खिडकीशी उभी राहते. घराची ओढ रंगाने भागत नाही, आणि भागावी असा माझा आग्रहही नाही. एकदा मी नकाशा काढून तिला दाखवला. तिचा समुद्र येथून एका रेषेत साडेसातशे किलोमीटर. पण पूर्वेचा समुद्र सुमारे साडेचारशेच. आपल्या अंगणात पडलेला पाऊस झरपटीत जातो, झरपट इरईत, इरई वर्धेत. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, सिरोंच्यापाशी ती गोदावरीला मिळते, आणि गोदावरी समुद्राला. ती बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे इथूनही रस्ता आहे.’ त्यानंतरच्या पावसाळ्यात ती पहिल्यांदा आपणहून इरईचा पूर पाहायला गेली.

आमच्या बैठकीत आज समुद्राची म्हणून ओळखता येईल अशी एकही वस्तू नाही. स्वयंपाकघरात मात्र एक आहे. माहेराहून येताना तिने करवंटीची डवली आणली होती. पहिल्या दिवशी मी ती शोभेसाठी बैठकीत लावायला निघाले होते. तिने ती माझ्या हातून घेतली, धुतली, आणि त्या दिवशीचे वरण तिने वाढले. आजही ती चुलीशेजारी खिळ्याला असते आणि रोज खाली उतरते. देठाशी जरा झिजली आहे. पुढच्या वेळी माहेरी जाईल तेव्हा एक माझ्यासाठीही आणायला मी तिला सांगितले आहे.